डोकेदुखी आणि ट्यूमरची भीती: एमआरआय करावा की नाही?

"डॉक्टर, एकदा एमआरआय करून टाकू का? म्हणजे मनातली शंका तरी जाईल." सतत डोके दुखत असलेल्या रुग्णांकडून हा प्रश्न नेहमी ऐकू येतो. बहुतेक वेळा त्यामागे काहीतरी घडलेले असते. नात्यातल्या कोणाला तरी ब्रेन ट्यूमर निघालेला असतो किंवा रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर लक्षणे शोधून झालेली असतात. भीती खरी असते आणि डोकेदुखीही खरी असते. प्रश्न एवढाच, की या भीतीवर स्कॅन हा उपाय आहे का?

डॉक्टर आधी काय पाहतात?

वारंवार होणारी डोकेदुखी बहुतेकांमध्ये अर्धशिशीची किंवा ताणामुळे होणारी असते. या दोन्हींचे निदान स्कॅनवर नाही, तर तुम्ही सांगितलेल्या माहितीवर होते. डोके कधीपासून दुखते, कुठल्या बाजूला दुखते, किती तास दुखते, मळमळ होते का, उजेड सहन होत नाही का, झोप कशी आहे, महिन्यात किती गोळ्या घेता, हे सगळे महत्त्वाचे असते. त्यानंतर रक्तदाब, हातापायांची ताकद, चाल, बोलणे आणि डोळ्यांचा पडदा तपासला जातो. मेंदूभोवतीचा दाब वाढला असेल तर त्याची खूण अनेकदा डोळ्याच्या पडद्यावर दिसते.

ही तपासणी पूर्णपणे नॉर्मल असेल आणि डोकेदुखीचा प्रकार जुनाच असेल, तर गंभीर आजार निघण्याची शक्यता फारच कमी असते.

कोणत्या लक्षणांत वेळ घालवू नये?

पुढीलपैकी काही असेल तर "मनाचे खेळ" म्हणून दुर्लक्ष करू नका:

- अचानक, मिनिटभरात असह्य झालेली डोकेदुखी
- ताप आणि मान आखडणे
- हातपाय लुळे पडणे, तोंड वाकडे होणे, बोलताना अडखळणे, फिट येणे
- डोक्याला मार लागल्यानंतरची डोकेदुखी
- वयाच्या पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी
- दिवसेंदिवस वाढत जाणारी, खोकताना किंवा वाकताना उसळणारी डोकेदुखी
- नजर अंधूक होणे किंवा एकाच्या दोन वस्तू दिसणे
- आधी कॅन्सर झालेला असणे, प्रतिकारशक्ती कमी असणे, गरोदरपण किंवा नुकतीच झालेली प्रसूती

यातल्या पहिल्या तीन गोष्टींत थेट रुग्णालय गाठावे. तिथे सीटी करायचा की एमआरआय, हे डॉक्टर ठरवतात. बाकीच्या बाबतीतही डॉक्टरांना लवकर दाखवावे.

"करून टाकला तर नुकसान काय?"

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. डोक्याच्या सीटी स्कॅनमध्ये साधारण २ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो, म्हणजे निसर्गातून वर्षभरात मिळतो जवळपास तेवढाच. धोका छोटा आहे, पण विनाकारण घेण्याची गरज नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. स्कॅनमध्ये तुमच्या त्रासाशी संबंध नसलेल्या गोष्टीही दिसतात. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे ४५ वर्षांवरील २,००० लोकांचे मेंदूचे एमआरआय तपासले गेले आणि त्याचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. त्यांत १.८ टक्के लोकांच्या रक्तवाहिनीला फुगा आढळला, तर ०.९ टक्के लोकांच्या मेंदूच्या आवरणावर सहसा साधी असणारी गाठ आढळली. त्याशिवाय वयानुसार येणारे पांढरे ठिपके, जन्मतः असलेली पाण्याची गाठ, सायनसची सूज हे तर रिपोर्टमध्ये नेहमीच असते. खाली ओळ असते, "कृपया लक्षणांशी ताडून पाहावे." घाबरलेला माणूस मात्र ती ओळ सोडून "सिस्ट" हा एकच शब्द घरी घेऊन जातो. मग सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन, दुसरे मत, आणि खर्च.

शंका परत का येते?

रोज डोके दुखणाऱ्या १५० रुग्णांचा लंडनमधील एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना एमआरआय देऊ केला होता. तीन महिन्यांनी या गटाची काळजी कमी झालेली होती, पण वर्षभराने हा फरक टिकला नव्हता.

याचे कारण समजून घ्या. रिपोर्ट नॉर्मल आला की सुटल्यासारखे वाटते. थोड्या दिवसांनी डोके पुन्हा दुखते, कारण अर्धशिशीवर उपचार झालेलेच नसतात. मग वाटते, "तेव्हा दिसले नसेल तर? आता वाढले असेल तर?" तपासणीने मिळणाऱ्या दिलाशाची मनाला सवय लागते आणि दर वेळी तो दिलासा लवकर संपतो. आजाराची अशी भीती सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ टिकली आणि झोप, काम, घर यांवर परिणाम करू लागली, तर तोही एक आजार आहे. त्याला आरोग्यचिंता म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत.

मग ठरवायचे कसे?

डॉक्टरांसोबत बसून तीन प्रश्न विचारा:

१. माझ्या कोणत्या लक्षणामुळे कोणत्या आजाराची शंका येते?
२. स्कॅनच्या निकालाने माझा उपचार बदलेल का?
३. रिपोर्ट नॉर्मल आला तर मी तो मान्य करीन का?

पहिल्या दोन प्रश्नांची स्पष्ट उत्तरे मिळत असतील तर स्कॅन जरूर करा. "फक्त मन शांत व्हावे म्हणून" एवढेच उत्तर येत असेल, तर थोडे थांबून पुढील गोष्टी करा:

- चार आठवडे डोकेदुखीची नोंद ठेवा: तारीख, वेळ, झोप, जेवण, पाळी आणि घेतलेली गोळी लिहा. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून जास्त घेतल्या तर त्यांच्यामुळेच डोके दुखू शकते.
- पुढच्या भेटीची तारीख आधीच ठरवा: मधल्या काळात वरच्या यादीतले काही दिसले तर मात्र तारखेची वाट पाहू नका.
- लक्षणे मोबाईलवर शोधणे थांबवा: प्रश्न वहीत लिहा आणि भेटीत विचारा.
- भीती हटतच नसेल तर मदत घ्या: विचार आणि वागणूक बदलण्यावर आधारित समुपदेशन (सीबीटी) यात उपयोगी ठरते, काहींना औषधेही लागतात. सरकारच्या टेलि-मानस सेवेत १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

घरच्यांसाठी एक सूचना. "तुला काही झालेले नाही" असे म्हटल्याने भीती जात नाही, माणूस फक्त बोलायचा थांबतो. त्याऐवजी भेटीला सोबत जा आणि ठरलेली योजना पाळायला मदत करा. आणि हेही लक्षात ठेवा, की नेहमी काळजी करणाऱ्या माणसालाही खरा आजार होऊ शकतो. त्याने वेगळे, नवे लक्षण सांगितले तर ते पहिल्यांदाच ऐकतो आहोत असे समजून ऐका आणि डॉक्टरांना दाखवा.