लयपालटाचें लेखन

वर्धा जिल्ह्यांत देवळी, आर्वी, हिंगणघाट, सेलू अशा तालुक्यांच्या गांवोगांवीं भजनी मंडळें आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीं (१९०९–१९६८) खंजिरीच्या साथीनें भजन विदर्भाच्या घरोघरीं पोंचविलें. वारकऱ्यांची टाळमृदंगाची परंपरा तर त्याहून कितीतरी जुनी. या भजनांचा एक समान धर्म असा कीं, तीं ज्या गतीनें सुरू होतात त्याच गतीनें क्वचितच संपतात. आरंभ संथ असतो, मध्यें ठेका स्थिरावतो, आणि शेवटीं टाळांचा गजर वाढत जाऊन गाणें दुप्पट वेगानें धांवूं लागतें. हा पालट मंडळांतील जाणत्या गायकाच्या अंगवळणीं पडलेला असतो. वहींत मात्र शब्द असतात, फार तर स्वर असतात. तो गायक गेला म्हणजे वही मागें राहते आणि चाल तिच्यांतून निसटते. यासाठीं लय कोठें, किती आणि कशा रीतीनें बदलते हें कागदावर उतरविण्याचा प्रश्न दिसतो तितका लहान नाहीं.

लय बदलते या गोष्टीचा विचार आपल्याकडे नवा नाहीं. तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथांत द्रुत, मध्य आणि विलंबित अशा तीन लयी सांगितल्या आहेत. द्रुताहून मध्याचा काल दुप्पट, आणि मध्याहून विलंबिताचा दुप्पट. या लयी कोणत्या क्रमानें योजावयाच्या त्यास ‘यति’ असें नांव आहे. आदि, मध्य आणि अंतीं एकच लय राहिली तर ती समा यति. विलंबितांतून मध्यांत व मध्यांतून द्रुतांत गेल्यास स्रोतोगता. आणि याच्या उलट क्रमानें गेल्यास गोपुच्छा. स्रोतोगता म्हणजे प्रवाहाप्रमाणें जाणारी. पवनारजवळ धाम नदीला पावसाळ्यांत पाणी चढत जातें तें ज्यानें पाहिलें, त्यास भजनाच्या यतीचें हें नांव निराळें समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

परंतु नांव असणें वेगळें आणि खूण असणें वेगळें. खूण ठरविण्यापूर्वीं ‘गाणें जलद झालें’ या एका वाक्यांत तीन निरनिराळ्या गोष्टी लपलेल्या असतात, त्या अलग केल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट दुगुणीची. केरवा हा आठ मात्रांचा ताल. एका मिनिटांत १२० मात्रा या गतीनें त्याचें एक आवर्तन ४ सेकंदांत पुरें होतें. ठेका तसाच ठेवून गायकानें एका मात्रेंत दोन अक्षरें बसविलीं, तर शब्द दुप्पट धांवतात. पण मात्रा जागची हालत नाहीं. दुसरी गोष्ट ठेका स्वतःच चढण्याची. येथें मात्राच आंखूड होते. १२० च्या जागीं मिनिटांत २४० मात्रा पडूं लागल्या, तर तेंच आवर्तन २ सेकंदांत संपतें. शब्दांपुरतें पाहिलें तर दोन्हीं प्रकार कानास सारखे वाटतात, परंतु तबलजीचें काम अगदीं भिन्न होतें. तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. मिनिटांत ८० मात्रांच्या गतीनें गातांना गायकानें दीडपट, म्हणजे आड धरली. दोन मात्रांत तीन स्वर बसले. हे स्वर मिनिटांत १२० पडतात. आतां साथीदारांनीं त्या स्वरांपैकीं प्रत्येकास नवी मात्रा मानून त्यावर नवा ठेका धरला, तर कोठेंही धक्का न बसतां गाणें ८० वरून १२० वर येतें. जुन्या मात्रेचा दोन-तृतीयांश हीच नवी मात्रा झाली.

आपल्या स्वरलिपींनीं यांपैकीं पहिली गोष्ट उत्तम साधली आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांच्या पद्धतींत प्रत्येक स्वराखालीं त्याच्या कालाची खूण असते. पूर्ण मात्रेस आडवी रेघ, अर्ध्या मात्रेस लहान शून्य. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनीं आपल्या मूळ मराठी ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत याहून सुटसुटीत मार्ग स्वीकारला: एका मात्रेंत जितके स्वर, तितक्यांखालीं एक चंद्रकोर. दोन स्वरांखालीं कोर दिसली कीं दुगुण, तिहींखालीं दिसली कीं तिगुण. पण दोन्हीं पद्धतींत मात्रेचें मोजमाप मात्रेनेंच केलेलें आहे. ती मात्रा स्वतः किती लांब, आणि ती मध्येंच बदलली तर काय, याचें उत्तर ‘विलंबित’ किंवा ‘द्रुत’ या शीर्षकापलीकडे मिळत नाहीं. गुरु समोर बसलेला असे तोंवर त्याची उणीवही भासत नव्हती. विष्णु दिगंबरांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांनीं साबरमतीस संकलित केलेल्या ‘आश्रम भजनावली’ची परंपरा पुढें सेवाग्रामच्या प्रार्थनेंतही आली. अशा संग्रहांतून पदावर राग व ताल यांचीं नांवें मिळतात. लय मिळते ती प्रार्थनेला बसूनच.

पाश्चात्त्य देशांत मात्रेची लांबी आंकड्यानें सांगण्याची सोय १८१५ सालीं मेल्त्सेलनें मेट्रोनोम या लयदर्शक यंत्राचें पेटंट घेतल्यावर झाली. १८१७ मध्यें बेथोव्हेननें आपल्या रचनांसाठीं असे आंकडे प्रसिद्ध केले. वर सांगितलेला तिसरा प्रकार अमेरिकन रचनाकार एलियट कार्टर (१९०८–२०१२) यानें १९४८ च्या आपल्या चेलो-सोनाट्यांत पद्धतशीर वापरला. तेथें पानावर समीकरण लिहितात: जुना अमुक स्वरकाल बरोबर नवा तमुक स्वरकाल. आंकड्याहून समीकरण श्रेष्ठ कां, हें आपल्याच उदाहरणावरून दिसेल. एखाद्या रात्रीं मंडळींनीं ८० ऐवजीं ७० मात्रांनीं आरंभ केला, तर १२० हा आंकडा खोटा ठरतो. ‘जुन्या मात्रेचा दोन-तृतीयांश’ हें समीकरण मात्र खरेंच राहतें, आणि नवी गति आपोआप १०५ येते. आंकडा एका दिवसाची गति सांगतो. समीकरण दोन लयींमधील नातें सांगतें.

आतां हें लेखन संगणकावर होऊं लागलें आहे. सिबेलियस (१९९३), लिलिपॉण्ड (१९९६), म्यूझस्कोर (२००२), डोरिको (२०१६) अशा प्रणाली स्वरलेखन छापतात व वाजवूनही दाखवितात. यंत्रास अदमास नसतो, म्हणून तेथें आपल्या लेखनांतील उणीव तत्काळ उघडी पडते. मिडी पद्धतीच्या धारिकेंत गति लिहिलीच नाहीं, तर यंत्र मिनिटाला १२० ठोके गृहीत धरतें. विलंबित एकतालाच्या बारा मात्रा प्रत्येकीं ४ सेकंदांच्या असल्या तर आवर्तन ४८ सेकंदांचें होतें. मात्रेस एक ठोका धरून गति न लिहितां दिल्यास यंत्र तें ६ सेकंदांत उरकतें. तसेंच ‘लय वाढवा’ हे शब्द साधा मजकूर म्हणून टंकिले, तर ते छापले जातात पण पाळले जात नाहींत. मग लेखक न छापला जाणारा गुप्त आंकडा घालून काम भागवितो. ऐकावयास सर्व ठीक. कागदावर मात्र पुन्हां कांहींच नाहीं. आणि प्रणाली चिरंजीव नसतात. १९८८ पासून चालत आलेल्या फिनाले या प्रणालीचा विकास थांबल्याचें ऑगस्ट २०२४ मध्यें तिच्या कंपनीनें जाहीर केलें. जें केवळ यंत्राच्या पोटांत ठेवलें, तें जुन्या गायकाच्या स्मृतीइतकेंच नाशवंत आहे.

देवनागरी स्वरलिपीस आणखी एक अडचण आहे. तार सप्तकाचा बिंदु भातखंडे पद्धतींत स्वराच्या डोक्यावर येतो. साध्या टंकलेखनांत तो ‘रे’वर दिला कीं अनुस्वार होऊन ‘रें’ असें वाचलें जातें. चंद्रकोरीही निराळ्या काढाव्या लागतात. म्हणून लयीच्या खुणा स्वरांच्या गर्दींत न घालतां ओळीच्या वर, स्वतंत्र जागीं लिहिणें श्रेयस्कर.

त्यासाठीं तीन नोंदी पुरेशा आहेत, आणि त्यांना संगणकाचीही गरज नाहीं. आरंभीं मिनिटाच्या मात्रा लिहाव्या. घड्याळ समोर ठेवून १५ सेकंदांत पडणाऱ्या मात्रा मोजून त्यांची चौपट केली कीं आंकडा मिळतो. लय जेथें हळूहळू चढूं लागते तेथून ती स्थिरावेपर्यंत ओळीवर एक लांब रेघ ओढावी व तिच्या दोन्हीं टोकांस आंकडे द्यावे. आणि जेथें मात्राच बदलते तेथें ‘जुनी अर्धी मात्रा = नवी मात्रा’ असें समीकरण उघड शब्दांत लिहावें. दुगुण झाली असेल तर चंद्रकोर आहेच. तेथें समीकरण लिहूं नये, म्हणजे तबलजीचा घोटाळा होणार नाहीं.

भजनाचा सारा रंग अशा तीन नोंदींत सांपडेल असें नाहीं. गायकाच्या गळ्यांतील आर्तता कोणत्याही खुणेनें लिहितां यावयाची नाहीं. परंतु ठेका कोठें उचलावयाचा हें लिहितां येतें. आणि जें लिहितां येतें तें लिहून ठेवणें हें जाणता गायक मंडळींत आहे तोंवरच शक्य आहे. ज्या मंडळाकडे असा गायक आहे, त्यानें त्याच्या समोर घड्याळ व वही घेऊन एक संध्याकाळ बसावें.