उतरताना १८०, चढताना २२०

टँटलम डायसल्फाइडचा स्फटिक चिमट्यात धरायचा नसतो. कडेखाली टोक सरकवून अलगद उचलायचा असतो. दाबला की वाकतो, आणि वाकलेल्यावर मोजमाप करून उपयोग नाही. नखाहून लहान, आरशासारखा लखलखीत, सोनेरी झाकेचा. गंधक, टँटलम, पुन्हा गंधक अशी एकेक चवड आतून घट्ट. दोन चवडींमधलं बंधन मात्र कमकुवत. त्यामुळे चिकटपट्टी लावून ओढली की अभ्रकासारखा ताजा पापुद्रा सुटतो.

मी गेलो त्या प्रयोगशाळेत हे स्फटिक तिथेच वाढवतात. टँटलमची पूड, गंधक किंचित जास्त आणि थोडं आयोडीन क्वार्ट्झच्या नळीत घालायचं, हवा काढून घ्यायची आणि नळीचं तोंड वितळवून बंद करायचं. भट्टीत नळीची दोन टोकं वेगवेगळ्या तापमानाला, सुमारे ९०० अंश सेल्सिअसच्या मागेपुढे. आयोडीन टँटलमला वायुरूपात थंड टोकाकडे नेतं, तिथे सोडतं आणि पुढच्या खेपेला मोकळं होतं. हे आठवडा-दोन आठवडे चालतं. तापवताना घाई केली तर गंधकाच्या वाफेने नळी फुटते. शेवटी मात्र सगळी घाईच: तापलेली नळी थेट पाण्यात. सावकाश निवू दिली तर अणूंची रचना बदलून 'टू-एच' होते, आणि इथे हवी असते 'वन-टी'.

मग सूक्ष्मदर्शकाखाली सिल्व्हर पेस्टने सोन्याच्या चार तारा चिकटवायच्या, केसाहून बारीक. बाहेरच्या दोन तारांतून प्रवाह जातो, आतल्या दोन व्होल्टेज मोजतात; जोडणीचा स्वतःचा रोध त्यात मिसळत नाही. तिथल्या एका विद्यार्थिनीचा अर्धा दिवस यात गेला. शोधनिबंधात या कामाला एक ओळ मिळते.

थंड करायला द्रवरूप नायट्रोजन पुरतो. पडद्यावर रोधाची रेघ हळूहळू वर सरकत होती. विद्यार्थिनी म्हणाली, "सर, आता बघा." १८० केल्व्हिनच्या सुमारास रेघ जवळजवळ उभीच झाली, रोध एकदम दहापटीच्या घरात वाढला.

आत झालेलं असं: बारा टँटलम अणू मधल्या तेराव्याकडे सरकतात आणि सहा टोकांची चांदणी तयार होते. खोलीच्या तापमानालाही अशा चांदण्या तुकड्यातुकड्यांनी असतातच. १८०च्या खाली त्या सगळ्या थरभर एका जाळीत बसतात. प्रत्येक अणूचा एक, असे तेरा इलेक्ट्रॉन. बारांच्या जोड्या लागतात, एक उरतो. साध्या हिशेबाने या उरलेल्यामुळे वीज वाहायला हवी. १९७९ साली फाझेकास आणि तोसात्ती यांनी मांडलं, की शेजारच्या चांदणीत आधीच एक इलेक्ट्रॉन आहे आणि त्याच्या प्रतिकर्षणामुळे हा जागचा हलत नाही. अलीकडे दुसरा पक्ष म्हणतो, वरखालच्या थरांतल्या चांदण्यांच्याच जोड्या लागतात. मग एकटा इलेक्ट्रॉन उरतच नाही. मला दुसरं म्हणणं रोचक वाटतं, पण चार तारांच्या आलेखाने हा वाद मिटणार नाही.

तापवताना १८० आलं, गेलं. रेघ वरच राहिली. ती कोसळली २२०च्या आसपास. मधल्या पट्ट्यात एकाच तापमानाला एकाच स्फटिकाचे दोन वेगळे रोध. म्हणून 'या पदार्थाचं संक्रमण तापमान १८० केल्व्हिन' असं नुसतं लिहिलेलं कुठे वाचलंत, तर आकडा अर्धाच आहे असं समजा आणि विचारा: उतरताना की चढताना?