बचत गटाची वही आणि संगणक

नवें साधन हातीं आलें म्हणजे तें वापरण्याची विद्याहि आपोआप आली, असा पुष्कळांचा समज असतो. संगणक व मोबाइल यांच्या बाबतींत हा समज विशेष घातक ठरतो. कारण येथें साधन चालविणारा एक असतो आणि त्याच्या चुकीचे परिणाम अनेकांस भोगावे लागतात. बचत गटांचें उदाहरण या दृष्टीनें विचार करण्याजोगें आहे.

दहा ते वीस स्त्रियांनीं एकत्र यावें, दरमहा ठराविक रक्कम बाजूस टाकावी आणि त्या पुंजींतून एकमेकींची नड भागवावी, हें बचत गटाचें मूळ स्वरूप. १९९२ सालीं राष्ट्रीय कृषि व ग्रामीण विकास बँकेनें, म्हणजेच नाबार्डनें, ५०० गट बँकांशीं जोडण्याचा प्रयोग हातीं घेतला. पुढें त्याचा देशभर विस्तार झाला. नियमित बैठक, नियमित बचत, गटांतल्या गटांत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड आणि बिनचूक हिशेब ही गटाची पंचसूत्री होय. पैकीं पहिलीं चार सूत्रें निर्धारानें साधतात. पांचव्यास अक्षरज्ञान लागतें. कित्येक गटांत लिहिणारी एकटीच असते. ती परगांवीं गेली कीं वही अडते, आणि वही अडली कीं बँकेचें कर्जहि अडतें.

ही अडचण दूर करण्यासाठीं नाबार्डनें २०१५ सालीं 'ई-शक्ति' नांवाची योजना आरंभिली. प्रारंभीं झारखंडांतील रामगड आणि महाराष्ट्रांतील धुळें हे दोन जिल्हे निवडले गेले. गटाचे व्यवहार प्रशिक्षित कार्यकर्तीनें संगणकांत नोंदवावे, बँकेस ते दिसावे आणि सभासद स्त्रीच्या मोबाइलवर तिच्या भाषेंत संदेश जावा, अशी ती रचना होती.

या रचनेचें मर्म त्या संदेशांत आहे. समजा, बारा जणींनीं प्रत्येकीं शंभर रुपये दिले. पण एकीच्या नांवापुढें शंभरांऐवजीं दहाच पडले. वहींतील अशी चूक बैठकीच्या सतरंजीवर कोणाच्या तरी दृष्टीस पडते. संगणकांतील चूक मात्र दडून राहते. आलेला संदेश जिला वाचतां येतो, तीच ती पकडूं शकते. म्हणून आंकडे भरण्याचें शिक्षण दोघीतिघींस पुरे. आंकडे तपासण्याचें शिक्षण सर्वांनाच हवें.

हें शिक्षण कसें द्यावें? वर्ग भरवून यंत्राच्या भागांचीं नांवें पाठ करून घेण्यांत फारसा लाभ नाहीं. प्रौढ माणूस गरजेच्या मागोमाग शिकतो. तेव्हां बैठकीचें कामकाज हाच धडा व्हावा. आधीं वही पूर्ण करावी, मग तेच आंकडे मोबाइलवर नोंदवावे आणि सर्वांदेखत मोठ्यानें वाचावे. पांच हजारांच्या कर्जावर दरमहा शेंकडा दोनप्रमाणें शंभर रुपये व्याज होतें, हा हिशेब स्त्रिया तोंडीं करतात. यंत्रानेंहि तेंच उत्तर दिलें कीं भीति जाते. निराळें दिलें तर प्रश्न विचारण्याचें धैर्य येतें. नोंद करणारी आळीपाळीनें बदलावी आणि जी काल शिकली तिनें आज दुसरीस शिकवावें. निरक्षर वृद्धेनेंहि आपल्या नांवाची आकृति व आपल्या बचतीचा आंकडा ओळखावा. आरंभीं एवढें पुष्कळ झालें.

यासोबत सावधगिरीचाहि पाठ आवश्यक आहे. मोबाइलवर येणारा गुप्त आंकडा, ज्यास ओटीपी म्हणतात, तो बँकेचें नांव सांगणाऱ्यासहि देऊं नये. बँक-मित्राच्या यंत्रावर अंगठा टेकविल्यानंतर शिल्लक किती राहिली तें विचारावें व पावती मागून घ्यावी. सावकाराच्या खतावर न वाचतां उमटविलेल्या अंगठ्यानें किती घरें बुडालीं, हें खेड्यांस नव्यानें सांगावयास नको. कांचेवरील अंगठाहि तितक्याच विचारानें टेकविला पाहिजे.

आणि जुनी वही लगोलग माळ्यावर टाकूं नये. तीन महिन्यांतून एकदां वही, बँकेचें पासबुक आणि मोबाइलवरील नोंद हीं तिन्ही शेजारीं ठेवून ताडून पाहावीं. तिन्हींचा मेळ कसा घालावा हें गटांतील बहुतेकींस उमगलें, म्हणजे त्या गटास संगणक आला असें म्हणावयास हरकत नाहीं.