सहा आकडे

एसटी स्टँडसमोर रसवंतीचे घुंगरू वाजतायत. मार्चअखेरची दुपार. केजमध्ये या वेळेला रस्त्यावर माणूस दिसत नाही, सावलीला तेवढी माणसं उभी असतात. रसवंतीला लागून एक झेरॉक्सचं दुकान आहे. पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅनकार्ड, पीक विमा आणि सगळ्यात खाली, सगळ्यात मोठ्या अक्षरात, ‘सर्व भरतीचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’. दाराबाहेर चपलांचा ढीग. त्यात सात-आठ जोड पळायच्या बुटांचे, तळव्याला वाळलेला मुरूम. ही पोरं पहाटे मैदानावर सोळाशे मीटर पळून आलेली आहेत आणि आता बसून आहेत.

आत दहा बाय बाराची खोली. वर पत्रा. तीन कॉम्प्युटर, त्यातल्या एकावर टॉवेल टाकलेला, म्हणजे तो बंद. पंखा गरम हवा इकडून तिकडे ढकलतोय. भिंतीला कागद चिकटवलाय : ‘ओटीपी येणारा मोबाइल सोबत असेल तरच नंबर लावा. सर्व्हर डाऊन असल्यास वाद घालू नये.’ दुकानदारानं जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे करून त्यांच्या मागे नंबर टाकलेत. माझ्या तुकड्यावर एकतीस. पुढच्या बाजूला कुणाचं तरी ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ अर्धवट उरलंय. मला फक्त एक प्रिंट काढायचीय. पण ‘फक्त’वाले इथे बरेच आहेत.

आत्ता चौदा नंबर खुर्चीवर आहे. पोलीस भरतीचा फॉर्म. दुकानदार स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचतो, पोरगा मोठ्यानं उत्तर देतो. सगळी खोली ऐकते.

‘‘प्रकल्पग्रस्त?’’

‘‘नाही.’’

‘‘भूकंपग्रस्त?’’

‘‘नाही.’’

किल्लारीचा भूकंप सप्टेंबर १९९३ चा. इथून फार लांब नाही ते गाव. या पोराचा जन्म त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी झालेला. फॉर्मातला रकाना मात्र अजून जागेवर आहे.

‘‘माजी सैनिक? खेळाडू? होमगार्ड? अनाथ?’’

‘‘नाही दादा, बाप हाय की.’’

बाकावर हशा पिकतो. दुकानदार हसत नाही, त्यानं सकाळपासून हा प्रश्न तेरा जणांना विचारलाय. उंची एकशे सदुसष्ट. लागते एकशे पासष्ट. छाती, जात, उत्पन्न, नॉन-क्रिमिलेअरची तारीख. पाच मिनिटांत या पोराचं सगळं घर खोलीला ठाऊक झालेलं असतं. कुणी कान झाकत नाही, आणि पोरालाही त्यात काही वाटत नाही.

मग घटक निवडायचा. एका पदासाठी एकाच जिल्ह्याला अर्ज करता येतो, त्यामुळे इथे सगळे थांबतात. मागे उभे असलेले दोन मित्र खांद्यावरून वाकतात. एकाच्या मोबाइलवर टेलिग्रामचा ग्रुप उघडा आहे, त्यात मागच्या मेरिटचे आकडे. मुंबईला जागा जास्त, गर्दीही जास्त. गडचिरोली नको, आई रडते. बीड टाकलं तर घरी राहता येईल. २०२४ मध्ये राज्यात १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज साडेसतरा लाखांच्या वर गेले होते. हे आकडे या खोलीत सगळ्यांना पाठ आहेत, पाढ्यासारखे. ‘‘शंभरात एक काढायचाय,’’ मित्र म्हणतो, ‘‘कुठूनबी काढ.’’ पोरगा बीडवर बोट ठेवतो. उचलतो. परत ठेवतो.

फोटो. पडद्याला पांढरी चादर लावलेली आहे, तिच्यापुढे उभं राहायचं. पुढे केबीचा हिशेब सुरू होतो, आणि दुकानदार तो धान्याच्या मापासारखा बोलतो. ‘‘तुझा फोटो चार एमबीचा. तिकडं वीस ते पन्नास केबी लागतो. सही दहा ते वीस.’’ शेजारच्या कॉम्प्युटरवर एका मुलीचा बँकेचा फॉर्म अडकलाय. तिची सही नऊ केबीची भरली. एक केबी कमी. तिनं पुन्हा सही करायची, जरा दाबून, जरा पसरून. ती नाव लिहिते आणि खाली एक रेघ ओढते, जी तिच्या सहीत कधी नव्हती.

बँकेच्या फॉर्मला अजून एक गोष्ट लागते. डाव्या अंगठ्याचा ठसा आणि स्वतःच्या हातानं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, इंग्रजीत, पण सगळी कॅपिटल अक्षरं चालत नाहीत. खोलीच्या कोपऱ्यात, प्रिंटरच्या खोक्यावर कागद ठेवून, एक पोरगा ते उतरवतोय. मराठी माध्यमाचा. पहिले दोन कागद चुरगळून पायाशी पडलेत. कपाळावरचा घाम कागदावर पडू नये म्हणून तो मान तिरकी करून लिहितो. निळा अंगठा वर धरलेला, तो कशालाही लागू द्यायचा नाही. सगळी नोकरी ऑनलाइन, आणि तिच्या दारात अंगठा. आपल्याकडचं जुनं काही सहसा जात नाही, नव्या जागी बसतं.

लाइट जाते. पंखा हळूहळू थांबतो. यूपीएस टुकटुक वाजायला लागतं. कुणी काही बोलत नाही, सगळे स्क्रीनकडे बघतात. दोन्ही चालू आहेत. बाहेरचे घुंगरू एकदम स्पष्ट ऐकू येतात.

माझ्या शेजारी एक निवृत्त गुरुजी बसलेत, नातवाला घेऊन आलेले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. ते त्यांच्या वेळचं सांगतात. डीडी काढायला बीडला जायचं. एक दिवस. अर्ज टंकलिखित, साक्षांकित प्रती, स्वतःचा पत्ता लिहिलेला लिफाफा, रजिस्टर पोस्ट. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड, आणि ते वेळेवर रिन्यू करायचं, नाही तर नंबर मागे. ‘‘अर्ज पोचला का नाही, ते कळायलाच दोन महिने,’’ ते म्हणतात. नातू मोबाइलमध्ये मान घालून बसलाय. त्याच्या स्क्रीनवर जाहिरातीची पीडीएफ आहे आणि तो वयाची अट शोधतोय. गुरुजींना डीडीचा दिवस आठवतो तो प्रवासामुळे, नातवाला हा दिवस आठवेल तो बाकामुळे. पण बीडची खेप वाचली, हे खरंच आहे. पोलीस भरतीची फी इथेच भरली जाते, खुल्या गटाला साडेचारशे, मागासवर्गीयाला साडेतीनशे, वर दुकानदाराचे पन्नास.

दाराशी एक आयटीआय झालेला फिटर उभा आहे. त्याला फॉर्म भरायचा नाही, प्रिंट काढायचीय. नोकरीच्या अॅपवर त्याला दिवसाला वीस-वीस मेसेज येतात. चाकण, रांजणगाव, वाळूज. लगेच जॉइनिंग, रूम फ्री, एक वेळचं जेवण फ्री. त्यातल्या एकानं गेटपासचे पंधराशे मागितलेत आणि एक पत्र पाठवलंय, शिक्क्यासकट. दुकानदार प्रिंट काढायच्या आधी पत्रावरून एकदाच नजर फिरवतो.

‘‘पैसे मागितलेत का?’’

‘‘परत देणारेत.’’

‘‘जी पैसे मागती ती कंपनी नसती, भावा.’’

फिटर काही म्हणत नाही. प्रिंट घेतो, घडी घालतो, खिशात ठेवतो. पंधराशे गेलेत हे त्याच्या घडी घालण्यावरून कळतं.

‘‘एकोणीस!’’

एकोणीस नंबरची मुलगी उठते. धारूरच्या डोंगरातलं गाव, परत जायला पाचची गाडी. ओढणीच्या टोकाला पैसे बांधलेले. फॉर्मात नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे लिहायचं आहे, बैठक क्रमांकासकट. प्रमाणपत्र घरी पेटीत. पेटीची किल्ली आईजवळ. आई-बाप दसऱ्यानंतर उसाला गेलेले, सांगलीकडे. अजून कारखान्याचा पट्टा पडलेला नाही, म्हणजे हंगाम चालूच आहे.

‘‘मार्क आठवतात का?’’

‘‘मार्क आठवतात. नंबर नाही आठवत.’’ आणि मग आपणहून, ‘‘२०२१ ची आहे दादा. कोरोनावाली.’’ त्या वर्षी दहावीची परीक्षाच झाली नाही, निकाल शाळेतल्या गुणांवर लागला. ही मुलं ते सांगून टाकतात, कुणी विचारायच्या आधी.

दुकानदार डिजिलॉकर उघडतो. सोपं आहे. आधार नंबर टाकायचा, ओटीपी टाकायचा, आधी तिथे घेऊन ठेवलेलं असलं की प्रमाणपत्र समोर. पेटी नको, किल्ली नको, चाळीस किलोमीटरची खेप नको. मुलीच्या तोंडावर पहिल्यांदाच जरा हसू येतं. फक्त तिच्या आधारला नंबर बापाचा जोडलेला आहे. आणि बाप फडात आहे.

ती फोन लावते. लागत नाही. परत लावते. खोलीतले सगळे आता तिच्याकडे बघतायत, कारण ती झाली की वीस नंबर. तिसऱ्यांदा लागतो. ती स्पीकर चालू करते. पलीकडून वाऱ्याचा आवाज, ट्रॅक्टरचा आवाज, कुणीतरी मोळी टाकल्याचा आवाज.

‘‘अप्पा, मेसेज आलाय का बघा. सहा आकड्याचा.’’

‘‘कशाचा?’’

‘‘नोकरीचा, अप्पा. सहा आकडे हायेत का?’’

बराच वेळ नुसता वारा. मग बाप आकडे सांगतो, एकेक, सावकाश. ती लिहून घेते. दुकानदार टाकतो. चुकला. बापानं रिचार्जचा मेसेज वाचला होता. दुकानदार पुन्हा पाठवतो. स्क्रीनवर सेकंद उलटे पळतायत. बाप पलीकडे कुणाला तरी हाक मारतो, टोळीतल्या एखाद्या पोराला. आता फोनवर एक लहान आवाज येतो. शाळेत धडा वाचावा तसा तो वाचतो. चार. शून्य. शून्य. सात. नऊ. दोन. न अडखळता.

गोल चक्र फिरतं. फिरतं. मग पिवळसर पार्श्वभूमीवर तिचं नाव, आईचं नाव, बैठक क्रमांक. गुरुजी ‘‘वा!’’ म्हणतात. चौदा नंबरचा पोरगा अजून गेलेला नाही, तोही वाकून बघतो.

‘‘मोबाइल कुणाचा टाकायचा?’’ दुकानदार विचारतो.

‘‘तुमचाच टाका ना दादा. अप्पांना नाही वाचता येत.’’

‘‘अजिबात नाही.’’ पहिल्यांदाच त्याचा आवाज चढतो. कुठल्याशा दुकानात दुकानदारानंच स्वतःचा नंबर टाकला होता, हॉलतिकिटाचा मेसेज त्याच्या मोबाइलवर आला, तो सांगायचा विसरला, पोराची परीक्षा गेली. हे तो प्रत्येकाला सांगतो, आणि तरी प्रत्येक जण त्याचाच नंबर टाकायला सांगतो. मुलगी मैत्रिणीचा नंबर देते. मेल आयडी तो आत्ता काढतो. पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी तिच्या हातात देतो, स्वतःच्या वहीत लिहीत नाही. ‘‘घरी भिंतीवर लिहून ठेव,’’ म्हणतो.

आता फी. ओढणीची गाठ सुटते. दुकानदार रोख घेतो आणि आपल्या खात्यातून भरतो. पुन्हा चक्र. पैसे कटल्याचा मेसेज येतो. फॉर्मावर मात्र ‘पेंडिंग’.

‘‘परत मारायचं का?’’ मागून कुणीतरी.

‘‘थांबा. परत मारलं की दोनदा कटतात.’’

थांबतो. आम्ही सगळेच थांबतो. बावीस माणसं, एक पत्रा, एक चक्र. यूपीएसची टुकटुक जलद झालीय. बाहेर कंडक्टर धारूर, धारूर ओरडतो. मुलगी दाराकडे बघते, स्क्रीनकडे बघते. पाचला अजून वेळ आहे, ही आधीची गाडी आहे. मी तिला तसं सांगतो. तिला ते माहीत असतं.

लाइट येते. पंखा एक गिरकी घेतो. हिरव्या अक्षरात ‘यशस्वी’.

प्रिंटर खरडत खरडत दोन कागद बाहेर टाकतो. कागद गरम आहेत. ती ते दोन बोटांनी धरून बाहेर येते आणि रसवंतीच्या सावलीत बाकावर बसते. मीही जरा हवा खायला बाहेर आलोय. माझा एकतीस अजून लांब आहे.

तिचा फोन वाजतो. अप्पा. स्पीकर अजून चालूच राहिलेला.

‘‘अजून एक आलाय बघ मेसेज. त्यात बी आकडे हायेत. घे लिहून.’’

ती क्षणभर थांबते. पर्समधून पेन काढते, कागद मांडीवर उलटा करते.

‘‘हां अप्पा. सांगा.’’