जीडीबी : प्रोग्रामची उलटतपासणी

जीडीबीला ना खिडक्या, ना बटणं. सुरू केल्यावर परवान्याचा मजकूर सरकून गेला की कंसात स्वतःचं नाव लिहून तो गप्प बसतो. पुढचं तुम्ही टाइप करायचं. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये ग्नू प्रकल्पासाठी हा डीबगर, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका शोधण्याचं साधन, लिहिला. बर्कलीच्या युनिक्सवरचा डीबीएक्स त्यांच्यापुढे नमुना म्हणून होता. १९९० ते १९९३ या काळात जॉन गिलमोर यांनी जीडीबी सांभाळला. सी आणि सी++ लिहिणाऱ्यांचं आजही त्याच्यावाचून अडतं.

त्याची खरी करामत ब्रेकपॉइंटमध्ये आहे. अमुक फंक्शनपाशी थांब, असं सांगितलं की तो चालू प्रोग्रामच्या मेमरीतच हात घालतो. इंटेलच्या प्रोसेसरवर तिथल्या सूचनेचा पहिला बाइट बाजूला ठेवून त्या जागी एका बाइटची सापळा-सूचना लिहितो. प्रोसेसर तिच्यावर आला की कर्नल प्रोग्राम थांबवतो आणि सूत्रं जीडीबीकडे देतो. पुढे जायचं म्हटलं की मूळ बाइट परत जागेवर, एक पाऊल पुढे, आणि सापळा पुन्हा तयार! लिनक्सवर हा सगळा कारभार पीट्रेस या सिस्टिम कॉलमधून चालतो. ज्याची तपासणी करायची त्याच्यातच बदल करायचा, ही युक्ती मला अजूनही थोडी उद्धट वाटते.

प्रोग्राम सेगमेंटेशन फॉल्टने कोसळला, तर बॅकट्रेस ही आज्ञा कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ते ओळीने सांगते. प्रिंट केल्यावर पॉइंटर शून्य निघतो. पण तो शून्य कोणी केला? गुन्हा बहुतेकदा आधीच, दुसरीकडे घडलेला असतो. त्यासाठी वॉचपॉइंट. व्हेरिएबलची किंमत बदलली की प्रोग्राम थांबतो, जुनी आणि नवी किंमत समोर येते. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये अशा पाळतीसाठी पत्ते ठेवणारे चार रजिस्टर असतात. पाळत त्यांत मावणारी नसेल, तर जीडीबी एकेक सूचना चालवून तपासतो आणि प्रोग्राम रांगू लागतो.

कंपाइल करताना उणे-जी हा पर्याय दिला नसेल, तर ओळी आणि बऱ्याच नावांऐवजी पत्ते वाचत बसावं लागतं. कंपायलरने कोड फार घासूनपुसून वेगवान केला असेल, तर नेमकं हवं तेच व्हेरिएबल ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ निघतं. २००९ च्या ७.० आवृत्तीपासून प्रोग्राम उलटा चालवण्याचीही सोय आहे, पण प्रत्येक सूचनेची नोंद ठेवायची म्हणजे वेग पार मंदावतो.

‘प्रिंटएफ असताना हा खटाटोप कशाला?’ असं म्हणणारे पुष्कळ आहेत. छोट्या कामात त्यांचं बरोबरच असतं. मात्र प्रिंटएफने किमती छापून बघायच्या तर प्रश्न आधी ठरवावा लागतो. सर्व्हरवर रात्री कोसळलेल्या प्रोग्रामने कोअर फाइल, म्हणजे कोसळतानाच्या मेमरीची प्रत, मागे ठेवली असेल, तर सकाळी ती जीडीबीत उघडून सुचेल तो प्रश्न विचारता येतो : स्टॅक, रजिस्टर, कोसळताना व्हेरिएबलमध्ये काय होतं ते. कंटिन्यू म्हटलंत, तर मात्र तो कोरडेपणाने कळवतो की प्रोग्राम चालूच नाही.