खडकाच्या पोटातले हिवाळी घर

अमेरिकेच्या ईशान्य भागात हिवाळ्यात जमीन गोठते, तेव्हा तेथील ‘टिंबर रॅटलस्नेक’ हा विषारी साप जातो कुठे? शेपटीचा खुळखुळा वाजवून इशारा देणारा हा साप डोंगराच्या, बहुधा दक्षिणेकडील, उन्हाच्या उतारावरील खडकाळ जागा पसंत करतो. खडकांच्या खोल भेगांतून तो गोठणाऱ्या थराच्याही खाली उतरतो. एकाच कपारीत अनेक साप, क्वचित अन्य जातींचेही, एकत्र हिवाळा काढतात.

वसंतात हे साप भक्ष्याच्या शोधात जंगलात पांगतात आणि पडलेले ओंडके व पालापाचोळा यांचा आसरा घेतात. गाभण माद्या मात्र उघड्या, तापणाऱ्या खडकांजवळच राहतात. पोटातील पिलांच्या वाढीसाठी ही ऊब आवश्यक असते. थंडीच्या आरंभी बहुतेक साप आपल्या जुन्या कपारीकडे परततात. नवजात पिले मोठ्या सापांच्या गंधाचा माग काढत तेथे पोहोचतात.

हीच सवय त्यांच्या मुळावर आली. एकाच जागी अनेक साप सापडत असल्याने बक्षिसाच्या लोभाने त्यांची बेसुमार हत्या झाली. मादी अनेक वर्षांनी प्रथम विते आणि त्यानंतरही दरवर्षी पिले देत नाही. त्यामुळे झालेली हानी लवकर भरून येत नाही. मेन आणि ऱ्होड आयलंड या राज्यांतून हा साप नाहीसा झाला आहे. न्यूयॉर्क राज्यात त्याला १९८३ पासून कायद्याचे संरक्षण आहे. परंतु साप वाचवायचा, तर त्याची कपारही राखावी लागेल. ती उद्ध्वस्त झाल्यास पिढ्यान्‌पिढ्यांचा निवाराच हरपतो.