समोरची विंडो कुणाची?

कल्पना करा. रुग्णालयातील एक डॉक्टर संगणकावर एका रुग्णासाठी औषध लिहीत आहेत. तेवढ्यात फोन वाजतो. वॉर्डातील दुसऱ्याच रुग्णाचा रक्तदाब घसरलेला असतो. डॉक्टर त्या रुग्णाची नोंद वेगळ्या विंडोत उघडतात, आकडे पाहतात, परिचारिकेला सूचना देतात, फोन ठेवतात आणि मघाशी अर्धवट राहिलेले औषध लिहून टाकतात. औषध बरोबर, मात्राही बरोबर. फक्त पडद्यावर पुढे असलेली विंडो फोनवरच्या रुग्णाची असते.

घरगुती गटात टाकायचा निरोप कार्यालयाच्या गटात गेला, तर फार तर हसे होते. जुन्या फाइलऐवजी नवीच फाइल बंद झाली, तर तासाभराचे काम वाया जाते. रुग्णालयात मात्र हीच चूक कुणाच्या तरी जिवाशी येऊ शकते. चूक करणारा माणूस निष्काळजी असतोच असे नाही. या चुकीचे मूळ संगणकाच्या आणि आपल्या मेंदूच्या स्वभावातील फरकात आहे.

एकमेकींवर चढणाऱ्या विंडोंची कल्पना 1970च्या दशकात कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रात आकाराला आली. पडदा लहान आणि कामे अनेक, यावर अ‍ॅलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेबलावरच्या कागदांसारखा तोडगा काढला. एक कागद वर, बाकीचे खाली; हवा तो ओढून वर घ्यायचा. मायक्रोसॉफ्टच्या 1985मधील पहिल्या विंडोज प्रणालीत मात्र विंडो फरशांसारख्या शेजारी शेजारी बसत, एकमेकींना झाकत नसत. झाकण्याची सोय 1987च्या दुसऱ्या आवृत्तीत आली.

यातील कोणती पद्धत चांगली, याचा अभ्यास सारा ब्लाय आणि जॅरेट रोझेनबर्ग यांनी 1986मध्ये केला. माहिती आपोआप नीट दिसत असेल, तर शेजारी मांडलेल्या विंडोंमध्ये काम लवकर होते, असे त्यांना आढळले. विंडो सतत हलवाव्या लागणाऱ्या कामांत मात्र सराईत वापरकर्त्यांना एकमेकींवर चढणाऱ्या विंडो सोयीच्या ठरल्या. म्हणजे एकच मांडणी सर्वांना आणि सर्व कामांना लागू पडत नाही.

आता मेंदूकडे वळू. संगणकावर अनेक विंडो उघड्या असल्या, तरी कीबोर्डची अक्षरे एका वेळी एकाच विंडोत उतरतात. तिला ‘सक्रिय’ विंडो म्हणतात. माणसाचे लक्षही एका वेळी एकाच गोष्टीवर नीट टिकते. ही दोन्ही लक्षे एकाच ठिकाणी असतील, तोवर सारे सुरळीत चालते. गोंधळ होतो तो ती वेगळी झाल्यावर. मन पहिल्या रुग्णाकडे परतलेले असते, संगणक दुसऱ्याच रुग्णापाशी थांबलेला असतो आणि त्याची साक्ष देणारे नाव पडद्याच्या एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत असते.

त्यातच मेंदूची तात्पुरती स्मृती तोकडी. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांच्या मांडणीनुसार ती एका वेळी साधारण चारच गोष्टी सांभाळते. शिवाय एक काम अर्धवट सोडून दुसरे हाती घेतले, की पहिल्या कामाचा काही अंश मनात रेंगाळतो. सोफी लेरॉय यांनी 2009मध्ये हे दाखवून दिले आणि त्याला ‘लक्षाचा अवशेष’ अशा अर्थाचे नाव दिले.

मग उपाय सोपा वाटतो: डॉक्टरांना एका वेळी एकाच रुग्णाची नोंद उघडू द्यावी. न्यूयॉर्कमधील एका मोठ्या आरोग्यसेवा समूहात डॉ. जेसन एडेलमन आणि सहकाऱ्यांनी हा उपाय प्रत्यक्ष तपासला. 3,356 वैद्यकीय कर्मचाऱ्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला एकच नोंद उघडता येई, दुसऱ्याला चारपर्यंत.

चुका मोजण्याची युक्तीही सुबक होती. एखाद्याने रुग्णासाठी दिलेली सूचना दहा मिनिटांत मागे घेतली आणि पुढच्या दहा मिनिटांत तीच सूचना दुसऱ्या रुग्णासाठी दिली, तर ती आधी चुकीच्या रुग्णाला दिली गेली होती, असे धरायचे.

निकाल 2019मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सूचना देण्याच्या दर एक लाख सत्रांमागे एकाच नोंदीचे बंधन असलेल्या गटात 90.7 सत्रांत अशी चूक झाली, तर मोकळीक असलेल्या गटात 88.0 सत्रांत. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य होता. विंडोंची संख्या कमी केल्याने चुका घटल्या नाहीत. मोकळीक असलेल्या गटातही जवळपास दोन तृतीयांश सत्रांत एकच नोंद उघडी होती, हेही ध्यानात घ्यायला हवे.

मग चुका कशाने घटतात? एडेलमन यांच्याच आधीच्या अभ्यासात सूचना देण्यापूर्वी रुग्णाची आद्याक्षरे, लिंग आणि वय टाइप करायला लावले, तेव्हा अशा चुका सुमारे 41 टक्क्यांनी घटल्या. नुसते ‘हाच रुग्ण ना?’ असे विचारणाऱ्या सूचनापेटीने त्या 16 टक्केच कमी झाल्या, कारण ‘हो’वर क्लिक करण्याची बोटांना सवय होते. बोस्टनमधील एका रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात, नोंदीत रुग्णाचे छायाचित्र असेल तेथे चुकांचे प्रमाण 35 टक्क्यांनी कमी आढळले.

या निष्कर्षांचे सार एकच. किती विंडो उघड्या आहेत यापेक्षा ‘समोरची कुणाची?’ या प्रश्नाचे उत्तर पडदा किती ठळकपणे देतो, हे महत्त्वाचे.

घरी किंवा कार्यालयात हे तत्त्व सहज वापरता येते. दोन कागदपत्रे ताडून पाहायची असतील, तर विंडोज प्रणालीत विंडोज कळ आणि डावा किंवा उजवा बाण दाबून ती शेजारी शेजारी लावावीत. वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळे आभासी डेस्कटॉप ठेवावेत. विंडोज कळ, कंट्रोल आणि ‘डी’ एकत्र दाबले की नवा डेस्कटॉप उघडतो. फाइलच्या नावात कामाचे आणि तारखेचे स्पष्ट उल्लेख असावेत. ‘फायनल’ आणि ‘फायनल नवीन’ यांतून काही कळत नाही.

आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे फोन ठेवल्यावर, कुणाशी बोलून झाल्यावर, कीबोर्डवर हात ठेवण्यापूर्वी विंडोच्या माथ्यावरचे नाव वाचणे. पैसे पाठवताना, पत्राला उत्तर देताना किंवा फाइल पुसून टाकताना तर नक्कीच. त्याला दोन सेकंद लागतात. फोन ठेवून पुन्हा औषध लिहायला वळलेल्या डॉक्टरांनाही तेवढेच लागतील.